‘बायकोला काळी म्हणणं हा छळ नाही’: त्या फॉरवर्डला उत्तर

जुलै २०२५ पासून एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘बायकोला काळी म्हणणं हा छळ नाही, हायकोर्टानंच सांगितलंय. सोशल वर्करांनी घरगुती भांडणात पडू नये. मुलीचा आत्मविश्वास वाढवावा, बस्स.’

‘हायकोर्टानंच सांगितलंय.’ प्रकरण सातारा जिल्ह्यातलं. विवाहितेची आत्महत्या जानेवारी १९९५ मधली, नवऱ्याला शिक्षा १९९८ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयात अपिलाचा निकाल २०२५ मध्ये. आरोप होते दंड संहितेच्या कलम ४९८-अ (विवाहितेचा छळ) आणि ३०६ (आत्महत्येस प्रवृत्त करणं) खाली. रंगावरचे टोमणे, दुसऱ्या लग्नाची धमकी हे न्यायालयानं संसारातल्या भांडणात धरलं. आत्महत्येशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही म्हणून नवरा सुटला. टोमण्यांचं असं वजन करणं आम्हाला पटत नाही, पण तो भाग बाजूला ठेवला तरी हा निकाल त्या फौजदारी कलमांपुरताच आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. तो या खटल्यात येणारच कसा?

त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये अपमान, टिंगल, नावं ठेवणं हा शाब्दिक आणि भावनिक छळ आहे. संरक्षण आदेश कलम १८ खाली मिळतो, मानसिक त्रासाची भरपाई कलम २२ खाली. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘सोशल वर्करांनी पडू नये.’ मुंबईत पोलिसांच्या जोडीनं महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून चालतो, तिथं बसतात ते प्रशिक्षित समाजकार्यकर्तेच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल (नमुना १, बोलीत ‘डीआयआर’) दंडाधिकाऱ्यांना आदेश देण्याआधी विचारात घ्यावाच लागतो. आणि रंगाच्या तक्रारी बहुतेक वेळा इथंच फसतात. नमुन्यात रंगासाठी वेगळा रकाना नाही, म्हणून लिहिणारा ‘किरकोळ वाद’ म्हणून मोकळा होतो. खरं तर मानहानीकारक बोलणं, टिंगल, नावं ठेवणं यांचे रकाने आहेत, तेच भरायचे. ‘रंगावरून छळ’ एवढ्यानं काही होत नाही. तारीख, जागा, बोलणारा कोण, ऐकणारं कोण आणि शब्द जसेच्या तसे हवेत: ‘दिवाळीत, नणंदेसमोर, सासू म्हणाली, हिला फोटोत मागं उभी करा.’ शिवी सौम्य करून शुद्ध मराठीत लिहिली की पुरावा गेला. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज तारखेसह जोडा. मूळ फोनमधून ते पुसू नका.

आमच्या, म्हणजे समाजकार्याच्या, व्यवसायातली एक खोडही इथंच सांगतो. ‘समस्येचं कारण’ या मथळ्याखाली ‘मुलगी सावळी असल्याने’ असं लिहिलेले अहवाल आढळतात. कारण मुलीचा रंग नव्हे, छळणाऱ्याचं वागणं. ते वाक्य तसंच राहिलं तर विरुद्ध बाजूचा वकील त्यावरच बोट ठेवील.

‘आत्मविश्वास वाढवावा.’ वाढवावा की. पण ज्या घरात टोमणे चालू आहेत तिथं फक्त तिलाच समजावणं म्हणजे सहन करायला शिकवणं. न्यायालयानं समुपदेशनाला पाठवलं तर त्याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ लागतो: हिंसेचं समर्थन करायला प्रतिवादीला तिथं मुभाच नाही. ‘गमतीत म्हणालो’ ऐकत अर्धा तास घालवायचा नाही. ती कुठलं क्रीम लावते, तेही विचारा. ‘गोरं करणाऱ्या’ क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडं सापडतात. त्यानं कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं. पारा असेल तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. स्टिरॉइडचं क्रीम एकदम बंद केलं तर चेहरा आणखी पेटतो, म्हणून ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावं.

‘गोरी हवी ही आवड आहे.’ हा मुद्दा त्याच मजकुराच्या शेपटाला असतो. ‘रंग कमी, म्हणून दोन तोळे जास्त’ ही आवड नव्हे, हुंड्याची मागणी आहे. तिला हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चं कलम ४ लागतं. नुसती मागणी केली तरी.