चार वर्षांचा सैनिक आणि कायमची पलटण

अग्निपथवरचा आपल्याकडचा वाद चार वर्षांपाशी अडकून बसलाय. चार वर्षांत सैनिक घडतो का, असं एक बाजू विचारते. फौज तरुणच हवी, असं दुसरी ठासून सांगते. जून 2022 पासून हेच चालू आहे. पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून संपू लागते. चारांतल्या जास्तीत जास्त एकाला फौजेत कायम करणार, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे मुदतीअंती एकरकमी मिळणारे, पैसे घेऊन घरी येणार. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. घरी आल्यानंतर त्या सैनिकाची पलटण कोणती, हा प्रश्न मला मुदतीपेक्षा मोठा वाटतो.

ब्रिटनमध्ये 1908 साली टेरिटोरियल फोर्स ही अर्धवेळ सैनिकांची फौज उभी राहिली, तेव्हा तिथलीही भरती चार वर्षांचीच होती. मात्र तो माणूस नोकरी सोडत नसे. संध्याकाळी ड्रिल हॉलमध्ये कवायत, उन्हाळ्यात आठ ते पंधरा दिवसांचा कॅम्प, की पुन्हा कचेरीत हजर. समुद्रापार लढायला जाणं बंधनकारक नव्हतं, त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागे.

या पलटणींपैकी लंडन स्कॉटिशचा वंश नीट पाहण्यासारखा आहे. 1859 मध्ये फ्रान्सच्या हल्ल्याची धास्ती होती. तेव्हा लंडनमध्ये पोटापाण्यासाठी आलेल्या स्कॉटिश मंडळींनी ती उभारली. परगावी राहणाऱ्या माणसाला यातली ओढ सांगावी लागत नाही. लॉर्ड एल्को पहिले कमांडर. गणवेशाला त्यांनी टार्टन हे भडक चौकड्यांचं स्कॉटिश कापड न घेता ‘हॉडन ग्रे’ हे करड्या रंगाचं साधं लोकरी कापड निवडलं. हरणामागे जाणारा शिकारी डोळ्यांत न भरणारा रंग घालतो, मग सैनिकानं का घालू नये, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1908 मध्ये हीच पलटण लंडन रेजिमेंटची 14 वी बटालियन झाली.

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1914 मध्ये ती फ्रान्सला पोहोचली, आणि 31 ऑक्टोबरला बेल्जियममधल्या मेसीन इथे घोडदळाच्या मदतीला थेट लढाईत उतरली. टेरिटोरियल पायदळाची ही पहिलीच लढाई. आघाडीजवळ नेलं ते लंडनच्या बसगाड्यांतून. हातात जुन्या ली-एनफिल्ड रायफली होत्या. त्या घडवल्या होत्या मार्क 6 काडतुसासाठी, ज्याची गोळी 215 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची आणि बोथट नाकाची. नवं मार्क 7 काडतूस 174 ग्रेनच्या टोकदार गोळीचं. रायफली त्यासाठी बदलून घेतल्या होत्या, पण अनेकींच्या मॅगझिनचं काम नीट झालंच नव्हतं. स्प्रिंग कमजोर, आणि पुढच्या बाजूला गोळीचं नाक अडवणारी पट्टी जुन्याच आकाराची. त्यामुळे काडतूस वर येऊन सरळ चेंबरमध्ये जाईना. दहा गोळ्यांचं मॅगझिन असूनही एकेक काडतूस हातानं भरावं लागलं. मिनिटाला 15 नेमके बार काढायचं शिक्षण घेतलेला सैनिक, अंधारात, समोरून बव्हेरियन पायदळ चालून येत असताना, खिशातून एकेक काडतूस काढतोय. सुमारे 700 जणांपैकी 394 मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ही माणसं हौशी होती म्हणून हे घडलं असं कुणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. दोष स्प्रिंगचा आणि पट्टीचा होता. दहा काडतुसं मॅगझिनमधून चालवून पाहिली असती तर तो मागच्या तळावरच सापडला असता.

पुढचा इतिहास लांबलचक आहे. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या गोमकूरची लढाई. दुसरी बटालियन पॅलेस्टाईनमध्ये, तिथे मे 1918 मध्ये रॉबर्ट क्रुकशँक यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान. जानेवारी 1944 मध्ये इटलीत जॉर्ज मिचेल यांना तोच सन्मान, मरणोत्तर. पलटण आक्रसत गेली. 1967 नंतर ती फक्त एक कंपनी उरली, 1993 मध्ये नव्या लंडन रेजिमेंटमध्ये गेली, 2022 मध्ये लंडन गार्ड्समध्ये स्कॉट्स गार्ड्सची ‘जी (मेसीन) कंपनी’ झाली. कंपनी एवढीशी, तिचं नावही बदललं, पण माजी सैनिकांची संघटना टिकून आहे. चार वर्षं काढलेल्या माणसाला आयुष्यभर परत येण्याजोगी जागा आहे.

आपल्याकडे अशी चौकट नाही असं कुठेय? अर्धवेळ सैनिकांची भारतीय टेरिटोरियल आर्मी (टीए) 1949 पासून आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची 101 टीए पुण्यात, 109 टीए कोल्हापुरात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला मुलगा चार वर्षं करून परतला, तर यांपैकी एका पलटणीच्या हजेरीपटावर त्याचं नाव आपोआप चढायला हवं.

अडचणी खऱ्या आहेत. दोन बटालियनमध्ये राज्यातले सगळे मावणार नाहीत, म्हणून कंपन्या वाढवाव्या लागतील. प्रशिक्षणासाठी सुट्टी घेतली की मालक कुरकुर करतो. नोकरीची हमी कागदावर असून भागत नाही, तालुक्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यानंही ती मानली पाहिजे. शिवाय नियमित पलटणीत जी रायफल, तीच टीएच्या हातात हवी, तोच दारूगोळा हवा, आणि वर्षातून एकदा तरी तो भरपूर चालवायला मिळायला हवा. हे सगळं पहिली तुकडी घरी येण्याआधी ठरायला हवं.