टेकडी मालकाची, वाट सगळ्यांची

पुण्यात टेकड्यांचा विषय निघाला की वाद दोनच टोकांना जाऊन बसतो. एक बाजू म्हणते, टेकडीला हात लावू नका. दुसरी म्हणते, जमीन आमची, तुम्ही आरक्षण टाकून मोकळे झालात, मोबदल्याचं काय? महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण, म्हणजे बीडीपी, 2015 मध्ये मंजूर झालं, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. वेताळ टेकडीतून नेण्याचा बेत असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून तर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. इंग्लंडमध्ये बसून या बातम्या वाचताना मला सारखं जाणवतं, की पुण्यात वाट कुणी मागतच नाही. कायद्याने सर्वांची असलेली, साधी पायवाट.

मी ब्रायटनला राहतो. शहराच्या पाठीशी साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या आहेत. सह्याद्रीत वाढलेल्याला हे डोंगर वाटायचे नाहीत. डिचलिंग बीकन हा इथला उंच माथा, तोही 248 मीटरच. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. हा खडू समुद्रतळाशी सूक्ष्म शेवाळांची कवचं साचून तयार झालेला आणि वयाने आपल्या बसाल्टपेक्षा थोरला. पावसात पायाखाली पांढरा राडा होतो, बुटांना चिकटतो आणि वाळला की निघता निघत नाही. पाणी मात्र वर साचत नाही. खडू ते पिऊन घेतो, आणि जमिनीखाली साठलेलं तेच पाणी ब्रायटनच्या नळांना येतं.

विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत या टेकड्यांच्या माथ्यावरून सुमारे 160 किलोमीटरची वाट जाते. 2010 मध्ये हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान झाला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वनखात्याचं गेट आणि तिकीट डोळ्यांपुढे येतं. इथे या उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, आणि बरीचशी जमीन खासगी आहे. मालकी शेतकऱ्याची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा. 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकरी ती नांगरू शकतो, पण नांगरल्यावर चौदा दिवसांत किमान एक मीटर रुंदीची वाट त्याला पुन्हा करून द्यावी लागते. पोटरीला लागणारा हिरवा गहू आणि त्यातून समोरच्या फाटकापर्यंत सरळ गेलेली पांढुरकी पट्टी मी इथे पाहतो, तेव्हा मला त्या मीटरभर जागेचं फार मोल वाटतं. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असतो. कुणाची परवानगी काढायची नाही, कुणाची मिनतवारी करायची नाही.

अशाच एका वाटेने ब्रायटनजवळच्या पॅचमच्या वरच्या अंगाला ‘छत्री’ या स्मारकापाशी जाता येतं. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं होतं. ब्रायटनच्या इस्पितळांत दगावलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांना याच टेकडीवर अग्नी दिला गेला. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या संगमरवरी छत्रीचं 1921 मध्ये अनावरण झालं. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. गाडी थेट तिथवर जात नाही. चहूकडे चराऊ कुरणं आहेत, तरीही तिथे कुणीही, कधीही जाऊ शकतं. ती वाट बंद झाली असती तर ती माणसं आपल्या आठवणीतूनही गेली असती, असं तिथे उभं राहिल्यावर मला नेहमी वाटतं.

इंग्लंडने हे सगळं आपणहून दिलं असं मात्र कुणी समजू नये. 1932 मध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर माणसं जमीनमालकांची बंदी मोडून चढली, तेव्हा त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं होतं. आजही वाट सोडून मोकळं हिंडायचा हक्क इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे. या टेकड्यांमधल्या खेड्यांत घरं इतकी महाग आहेत की तिथे राबणाऱ्याला ती परवडत नाहीत. आणि एका बाबतीत पुणं कितीतरी पुढे आहे: वेताळ टेकडीवर, तळजाईवर भल्या पहाटे जितक्या तऱ्हेची माणसं भेटतात, तितकी मला डाउन्सवर कधी भेटली नाहीत.

पण पुण्यातली ही वहिवाट बहुतेक ठिकाणी सवयीवर चालली आहे. उद्या कुंपण पडलं तर हातात कागद काय? खरं तर कागदाची सुरुवात आपल्याकडे केव्हाच झालेली आहे. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. शेताची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. मात्र हा आधार शेतीपुरता. टेकडीवर नुसतं चालायला जाणाऱ्याला तो मिळत नाही.

म्हणून महापालिकेने आणि भूमी अभिलेख खात्याने टेकड्यांवरच्या रोजच्या वापरातल्या पायवाटा मोजाव्यात, गावनकाशाशी ताडून पाहाव्यात आणि सार्वजनिक वाट म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवाव्यात. मोबदल्याचा आणि बांधकामाचा वाद कोर्टात चालायचा तेवढा चालू दे, त्याच्यासाठी हे काम अडायचं कारण नाही. जमीनमालकाशीही वेगळं बोलता येईल, कारण त्याच्याकडे पूर्ण टेकडी मागितलेली नाही, मीटरभर रुंदीची पट्टी मागितली आहे. टेकड्यांबाबतच्या पुढच्या सुनावणीला जे हरकती लिहिणार आहेत, त्यांनी झाडांच्या यादीसोबत वाटांचा नकाशाही जोडावा.