उभी राहणारी बुट्टी

क्रोशाने विणलेल्या वस्तूंची आमच्या घरात कधीच वाण नव्हती. टीव्हीवर झालरीचा रुमाल, फ्रिजच्या मुठीला टोपडे, माठाच्या तोंडावर मणी ओवलेली गोल जाळी आणि तिपाईवर अननसाच्या नक्षीचे आच्छादन हा सगळा सरंजाम माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, बारीक पांढऱ्या दोऱ्यात आणि डोळ्याला जेमतेम दिसेल अशा पोलादी सुईने तयार केलेला आहे. या सर्व वस्तूंचा एक समान गुण असा, की त्या स्वतः कधी उभ्या राहत नाहीत. त्या कशावर तरी पडून असतात. त्यामुळे मी क्रोशाने बुट्टी विणणार असल्याचे जाहीर केले आणि ती टॉवेल, वर्तमानपत्रे, खेळणी यांपैकी काहीही भरले तरी कडा न पाडता ताठ उभी राहील असेही सांगून टाकले, तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रत्येकाला एकाच वेळी मत सुचले.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कोल्हापुरात ‘मजबूत’ हे विशेषण सैलपणे वापरता येत नाही. आमच्याकडे चप्पल घेताना ती दोन्ही हातांनी वाकवून पाहतात आणि पैलवानाशी ओळख करून दिली तर नमस्काराआधी त्याची मान पाहतात. एखादी वस्तू सुंदर आहे म्हटले तर लोक सौजन्याने मान डोलावतात. मजबूत आहे म्हटले की उठून जवळ येतात. मी विणायला घेतलेल्या बुट्टीचे पुढे जे काही झाले, त्याचे मूळ या एका विशेषणात होते.

पहिला प्रश्न दोऱ्याचा होता. महाद्वार रोडवर लोकर आणि दोरे मिळणाऱ्या दुकानात माझ्या वयाची बाई गेली की दुकानदार न विचारता गुलाबी आणि फिकट निळी गुंडी पुढे ठेवतो आणि “बाळाचं टोपरं का?” असे आपुलकीने विचारतो. मी बुट्टी म्हटल्यावर त्याने तितक्याच आपुलकीने प्लास्टिकच्या दुकानाचा पत्ता दिला. अॅक्रिलिकची लोकर बुट्टीच्या कामाची नाही, कारण ती मऊ आणि लवचीक असते आणि तिची भिंत काही दिवसांतच गुडघे टेकते. जुने टी-शर्ट कापून केलेल्या पट्ट्या जाड असतात, परंतु वजन पडले की ताणतात. लक्ष्मीपुरीतून सुतळी आणली. तिचा ताठपणा वादातीत आहे, पण विणताना तिचे तंतू नाकात जातात, बोटे सोलवटतात, आणि ताग कातण्याआधी त्याला तेल पाजलेले असल्यामुळे दिवाणखान्याला भुसार गोदामाचा वास येतो. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात ती ओल धरते आणि तिच्यावर बुरशी चढते, हे वेगळेच.

अशा वेळी यजमानांच्या इचलकरंजीच्या मावसभावाने मदतीचा हात पुढे केला. यंत्रमागांच्या गावातला माणूस असल्याने त्याच्या लेखी सुताचा तुटवडा ही कल्पनाच हास्यास्पद होती. तो ४० नंबरच्या सुताचा भलामोठा कोन काखेत मारून एस. टी.ने आला. आता सुताच्या नंबराचा हिशेब असा आहे, की एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे ४० नंबरचे एक पौंड सूत उलगडले तर ते ३३,६०० वार, जवळजवळ ३१ किलोमीटर भरेल. कोल्हापूर ते इचलकरंजी हे अंतर साधारण तेवढेच आहे, त्यामुळे एक टोक तिकडे बांधून ते सोडत सोडत आला असता तरी चालले असते, असे मला वाटून गेले. मात्र पाहुण्याला असे म्हणता येत नाही. त्या केसासारख्या सुताचे कित्येक पदर एकत्र केल्याशिवाय बुट्टीच्या कामाची दोरी होत नाही. तो कोन आत्तींनी वाती आणि उदबत्तीचे पुडे बांधण्यासाठी देवघरात नेला, आणि मी मुकाट्याने ४ मिलिमीटर जाडीची तयार सुती दोरी विकत आणली.

या दोरीच्या वेष्टनावर ८ मिलिमीटरची सुई वापरावी असे छापलेले होते. वेष्टनावर छापलेला आकार हा अंगावर छान पडणाऱ्या, लुसलुशीत विणीसाठी असतो. ज्याला वस्तू उभी करायची आहे त्याने दोनतीन मिलिमीटर खाली उतरायचे असते, म्हणजे टाके एकमेकांना खेटून बसतात आणि वीण दाट होते. मी ५ मिलिमीटरची सुई घेतली. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात जाड दोरीच्या घट्ट टाक्यात बारीक सुई घालून दोरी ओढून काढणे हे विणकाम राहत नाही. तिथे खांदा, कोपर, मनगट आणि क्वचित दात असा सर्वांगाचा सहभाग लागतो.

आत्तींनी चष्मा वर करून थोडा वेळ पाहिले. “बुट्टी विणायलीस का चिलखत गं? सुई आत जाईना झाली की.”

मामा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी तालमीत जात असत, आणि घरातल्या कोणत्याही अडचणीचे मूळ त्यांना मनगटात सापडते. त्यांनी माझे मनगट हातात घेऊन उलटसुलट केले, अंगठ्याने एक शीर दाबली आणि निदान सांगितले : “पकड चांगली हाय, पर दम न्हाई. सकाळी थंडाई घेत जा. बदाम, खसखस, बडीशेप.” दुसऱ्या दिवशीपासून मला खरोखरच पितळी पेल्यात थंडाई मिळू लागली. क्रोशाच्या कामासाठी पैलवानाचा खुराक लागलेली मी पेठेतली पहिलीच बाई असावे.

बुट्टीचा तळ ही मात्र ताकदीची नव्हे तर भूमितीची बाब आहे. मध्यभागी दोरीच्या फासात ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके टाके, घालायचे, पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात दोन घालून १२ करायचे आणि त्यानंतर दर फेरीला बरोबर ६ खांब वाढवत जायचे : १८, २४, ३०. सहाच का, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. त्रिज्या एका ओळीने वाढली की परीघ त्या ओळीच्या उंचीच्या सव्वासहा पटींनी वाढतो, आणि मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखी असल्याने सहा खांब वाढवले की हिशेब जुळतो. उरलेले पाव दोरी आपली आपण सांभाळून घेते. उंच खांबांचा तळ करायचा तर हीच वाढ बारावर जाते. वाढ कमी पडली तर तळाची वाटी होते. जास्त झाली तर त्याला झालर फुटते. आणखी एक गोम अशी, की प्रत्येक फेरीतले वाढीचे खांब आधीच्या वाढीच्या डोक्यावरच आले तर गोलाला सहा कोपरे फुटतात, म्हणून त्यांच्या जागा थोड्या थोड्या हलवत न्याव्या लागतात.

शेजारच्या वहिनींना हा हिशेब कंजूषपणाचा वाटला. त्यांनी माझ्यासोबतच विणायला घेतले होते, आणि दर फेरीत प्रत्येक खांबात दोन खांब घालण्याच्या उदार धोरणामुळे त्यांची संख्या ६, १२, २४, ४८, ९६ अशी दुपटीने चालली होती. थोड्याच वेळात त्यांच्या तळाला इतक्या लाटा आल्या, की तो कोणत्याही बाजूने जमिनीवर ठेवता येईना. वास्तविक ही नाराज होण्याची गोष्ट नव्हती. दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अशीच वाढ मुद्दाम करून क्रोशाने ‘हायपरबोलिक’, म्हणजे कडेकडे लाटा वाढत जाणारा पृष्ठभाग विणला होता, आणि कागदावर समजायला अवघड जाणारी ती भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली होती. मी हे वहिनींना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्या वस्तूला मध्ये मोती शिवून गौरीच्या सजावटीसाठी ठेवून दिले.

बारा फेऱ्यांनंतर परीघावर ७२ खांब होतात आणि तळ साधारण एक फूट रुंद होतो. एवढे मोजणे अवघड नाही. अवघड आहे ते आमच्या गल्लीत मोजणे. सत्तेचाळीस म्हणावे तोच खिडकीखालून “वांगी साठ! वांगी साठ!” अशी आरोळी येते आणि पुढचा खांब एकसष्टावा ठरतो. गॅसवाला पावतीचा क्रमांक मोठ्याने वाचतो. यजमान आतून क्रिकेटची धावसंख्या कळवतात, तीही कोणी विचारलेली नसताना. या सर्वांवर उपाय म्हणजे फेरीच्या पहिल्या खांबात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवणे. पिन आली की फेरी संपली. त्या दरम्यान वांगी कितीही महाग झाली तरी चालतात.

तळ संपून भिंत सुरू होण्याची जागा निर्णायक असते. तिथे एक फेरी खांबाच्या दोन्ही दोऱ्यांऐवजी फक्त मागच्या दोरीत सुई घालून विणायची. त्यामुळे पुढची दोरी बाहेर कडेसारखी उरते, वीण तिथे काटकोनात वळते आणि तळ व भिंत हे दोन वेगळे प्रांत होतात. त्यानंतर वाढ बंद. १६ फेऱ्या ७२ खांबांच्याच. भिंतीला आणखी बळ हवे म्हणून मी दोरीचा एक पदर आडवा धरून त्याच्यावरूनच खांब घालत गेले, म्हणजे तो पदर आत गाडला जातो आणि भिंतीला कणा मिळतो. तळाचे ४६८ आणि भिंतीचे ११५२ मिळून १६२० मुके खांब होतात, आणि प्रत्येक खांबाला स्वतंत्र ओढ द्यावी लागते. थंडाईचा उपयोग मला याच टप्प्यावर पटू लागला.

भिंत वर येऊ लागली तशी घरात खळीची चर्चा सुरू झाली. आत्तींच्या मते माझे एवढे श्रम व्यर्थ होते, कारण साबुदाण्याची पातळ खळ लावून उलट्या पातेल्यावर वाळवले की कोणतीही वीण ताठ होते, आणि त्यांच्या तरुणपणी तर साखरेच्या पाकात बुडवून क्रोशाच्या वाट्या करत. पाकाच्या वाट्यांचे पुढे काय झाले असे विचारल्यावर त्यांनी मुंग्यांचा उल्लेख ओझरता केला. खळीची बुट्टी मे महिन्यापर्यंत राजेशाही दिसेल याबद्दल मला शंका नाही. जूनमध्ये पावसाची झड लागली आणि हवा ओली झाली की तीच बुट्टी गळ्यात हात टाकायला येते. यजमानांनी आत पुठ्ठा घालण्याचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही असे दाखवले, कारण पुठ्ठ्यानेच उभे राहायचे असेल तर बुट्टीची गरज काय, पुठ्ठ्याचे खोके घरात आहेच.

मुठींसाठी वरून दुसऱ्या फेरीत समोरासमोर ८ खांब सोडून तितक्याच साखळ्या घातल्या आणि पुढच्या फेरीत त्या साखळ्यांवर दाटीवाटीने खांब चढवले. नुसती साखळी वजनाने लांबते, म्हणून मुठीतही तो कण्याचा पदर नेला होता. दोरी कापून टोक आत ओवले, बुट्टी जमिनीवर ठेवली आणि ती उभी राहिली.

दृष्टीला एवढे पुरले असते; परंतु मजबुती दिसत नाही, त्यामुळे ती कोणीच पाहून मान्य करत नाही. मामांनी आधी कडेवर तळवा ठेवून दाब दिला. मग ते स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले, तो बुट्टीत ठेवला आणि बुट्टी एका हाताने उचलून घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मुलाने ती डोक्यात घालून भिंतीवर धडक दिली. धाकट्या दिरांनी ती पालथी घातली, तिच्यावर बसून चहा घेतला आणि कपबशी परत देताना एका बाजूला किंचित कल असल्याचा अभिप्राय दिला. तो कल मी आतून हात घालून दाबून काढला. समोरच्या घरातले काका केवळ ऐकून आले होते. त्यांनी वरवंट्याची परीक्षा आपल्यासमोर पुन्हा व्हावी अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. या सर्व काळात बुट्टीत काही ठेवावे असे कोणाच्याही मनात आले नाही.

ते आले आत्तींच्या मनात. संध्याकाळी मी पाहिले तर बुट्टी ओट्याखाली होती, आणि आत्ती तिच्यासमोर पाटावर बसून कांद्याची पिशवी मोकळी करण्याच्या बेतात होत्या. मात्र त्या थबकल्या. त्यांनी भिंतीतून आत बोट जाते का पाहिले, तळ उजेडाकडे धरला आणि विचारले, “हिला वारा कुठनं लागंल? भोकं कुठायत?”

भोक राहू नये यासाठीच तर थंडाई प्याले, असे मी सांगितले.

“कांद्याला वारा पायजे. बिनवाऱ्याचा कांदा आठ दिसात कोंब काढतो. आन् बटाटं त्याच्यासंगं ठेवत न्हाईत, ते येगळं.” त्यांनी उरलेली दोरी मागून घेतली. माझी जाड सुई त्यांनी पेन धरावे तशी बोटात धरली, नाक मुरडले आणि साखळी घालायला सुरुवात केली : एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन घर सोडून पुन्हा एक खांब. त्यांचा हात इतक्या वेगाने चालला होता, की मी शेजारी बसून नुसती दोरी सोडत राहिले. वितभर जाळी झाली तेव्हा ती त्यांच्या मांडीवर सरळ आडवी पडली होती.

“आत्ती, ही उभी राहायची नाही.”

“रिकामी कशाला उभी ऱ्हातीया? आत कांदं भरलं की कांदंच धरत्यात तिला.”

मामा दारात उभे होते. वरवंटा त्यांनी अजून जागेवर ठेवलेला नव्हता.