‘मॉर्गेज’ या शब्दातला मृत्यू कोणाचा?

कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, घरकर्जाचे लागोपाठ दोन हप्ते भरले नाहीत. कर्ज दाजींच्या एकट्याच्या नावावर होते आणि दाजी जाऊन चार महिने झाले होते, तरी हप्ता निघेल एवढी पेन्शन तिला येते. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “घर आता बँकेचंच झालंय की रे, मग पैसं कशाला घालायचं?” तिच्या भिशीच्या गटावर आलेला संदेश मी तिथेच उभ्याने वाचला. त्याचे उत्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘मॉर्गेज’ हा गहाणासाठीचा इंग्रजी शब्द ‘मॉर्ट’ म्हणजे मृत्यू आणि ‘गेज’ म्हणजे करार यांपासून झाला, म्हणून तो मरेपर्यंत फेडत राहण्याचा करार आहे; कर्जदार मेला की वास्तू बँकेची होते आणि वारसांचा हक्क संपतो; हा शब्द संस्कृत ‘मृत’वरून चोरलेला आहे; जमीन गहाण टाकण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच, ती इंग्रजांनी आणली; आणि आपला शब्द ‘तारण’ म्हणजे तारणारा, तर त्यांचा मारणारा.

यातले अर्धे सत्य मान्य करावेच लागेल. जुन्या फ्रेंचमधील ‘मॉर्ट’चा अर्थ ‘मृत’ असाच आहे, आणि ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचे आपल्या ‘मृत’शी, ‘मर्त्य’शी नाते आहे. मात्र हे नाते चोरीचे नसून एका मूळ भाषेतून निघालेल्या बहिणींचे आहे, एवढे सांगून तो मुद्दा संपतो. ‘गेज’चा अर्थ मात्र करार नव्हे. वचनाची हमी म्हणून दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू, म्हणजेच आपण ज्याला गहाण म्हणतो ते, असा त्याचा अर्थ आहे. लग्न ठरल्यावर आपण सर्रास वापरतो तो ‘एंगेजमेंट’ हा शब्दही याच ‘गेज’वरून आलेला आहे. तेव्हा मॉर्गेजचा शब्दशः अर्थ ‘मृत गहाण’ असा होतो. ‘मृत’ हे गहाणाचे विशेषण आहे आणि त्याचा कर्जदाराच्या आयुष्याशी काहीही संबंध नाही.

मग गहाण मृत कशाने होते? बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या इंग्रज कायदेग्रंथात जिवंत गहाण आणि मृत गहाण असा भेद केलेला आहे. तो समजायला आपल्या उसाच्या रानाचे उदाहरण पुरेसे आहे. सावकाराने एक एकर रान ताब्यात घेतले, दरवर्षी उसाचे पैसे उचलले आणि ते मुद्दलातून वळते केले, तर ते गहाण जिवंत, कारण ते स्वतःच कर्ज फेडत राहते. उलट त्याने ऊसही खाल्ला आणि मुद्दलही जसेच्या तसे उभे ठेवले, तर ते गहाण मृत, कारण कर्जदाराच्या दृष्टीने ते काहीच कमावत नाही. पुढे पंधराव्या शतकात लिटलटन या न्यायाधीशाने वेगळा खुलासा केला आणि एडवर्ड कोक याच्या १६२८ च्या भाष्यामुळे तोच अधिक प्रसिद्ध झाला. ठरलेल्या दिवशी पैसे दिले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली. आणि पैसे दिले तर गहाण धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, मेले, असे तो सांगतो. दोन्ही खुलाशांत तीनशे वर्षांचे अंतर आहे, त्यांचा आपसांत मेळही नाही, पण माणसाचे मरण दोन्हींत कुठेच नाही. त्यातही लिटलटनचा तो कडक नियम टिकला नाही. सतराव्या शतकात इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने, म्हणजे कडक कायद्यापेक्षा न्याय्यता पाहणाऱ्या न्यायालयाने, मुदत उलटल्यावरही पैसे भरून जमीन सोडवण्याचा हक्क कर्जदाराला दिला, आणि गहाणाच्या आजच्या कायद्याचा गाभा तोच हक्क आहे.

आता ज्या वाक्याने अक्काचे हप्ते थांबवले त्याकडे येतो, कारण शब्दाची चुकीची फोड एक वेळ सोडून देता येईल, हे वाक्य सोडून देता येणार नाही. कर्जदार मेला की घर बँकेचे होते, हे धादांत खोटे आहे. घरकर्जात बँक कधीच मालक नसते. मालकी कर्जदाराची असते आणि तिच्यावर बँकेचा बोजा असतो. कर्जदार गेल्यावर घर त्या बोजासह वारसांकडे येते. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर त्याची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६० गहाण सोडवण्याचा हक्क देते आणि तो पक्षकारांच्या कृतीने किंवा न्यायालयाच्या हुकमानेच संपतो, असे स्पष्ट सांगते. मृत्यूने तो संपत नाही; तो वारसांकडे जातो.

हप्ते थकले तर बँक घर विकू शकते, हे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच ‘भरू नका’ हा सल्ला घातक आहे. बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे खाते थकीत ठरल्यावर बँकेला साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतरच ताबा आणि लिलाव यांकडे जाता येते, आणि लिलावातून कर्ज व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला परत द्यावी लागते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले, आणि तो खटला आपल्याच कागल तालुक्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. बँक मालक असती तर तिला नोटीस कशाला द्यावी लागली असती आणि वरची रक्कम तिने परत का केली असती?

‘आपल्याकडे गहाण नव्हतेच’ हा मुद्दा वाचून मला सर्वांत अधिक वाईट वाटले, कारण तो आपल्या परंपरेच्या अभिमानाचा आव आणून तिच्याविषयीचे अज्ञान पसरवतो. धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधि’ म्हणतात. त्याचे गोप्य, म्हणजे नुसते राखून ठेवायचे, आणि भोग्य, म्हणजे धनकोने ज्याचे उत्पन्न घ्यायचे, असे भेद आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात म्हटले आहे: “आधिः प्रणश्येद् द्विगुणे धने यदि न मोक्ष्यते। काले कालकृतो नश्येत् फलभोग्यो न नश्यति॥” कर्ज दुप्पट होईपर्यंत सोडवले नाही तर गहाण बुडते, मुदतीचे गहाण मुदत सरल्यावर बुडते, पण ज्याचे फळ धनको खातो ते गहाण कधीच बुडत नाही. शब्द पाहा: ‘नश्येत्’. इथेही नष्ट होते ते गहाण, ऋणको नव्हे. लिटलटनच्या कितीतरी शतके आधी तीच कल्पना आपल्याकडे श्लोकबद्ध झालेली होती. आणि ‘फलभोग्यो न नश्यति’ हे तत्त्व आजही जिवंत आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ताबेगहाणाबाबत, म्हणजे जमीन ताब्यात घेऊन धनको तिचे उत्पन्न खातो त्या गहाणाबाबत, असाच निर्णय दिला की, केवळ तीस वर्षे उलटली म्हणून जमीन सोडवण्याचा हक्क जात नाही. खुद्द ‘गहाण’ हा शब्दही संस्कृत ‘ग्रहण’वरून प्राकृतातून आलेला आहे, ज्या समाजात ही रीतच नव्हती त्याला हा शब्द कशासाठी लागला असता?

‘तारण’विषयी एवढेच सांगतो की तारण धनकोच्या पैशाला तारते. कर्जदाराला तारणारे काही त्या शब्दात नाही.

इंग्रजी अमलात गहाणाच्या कागदांनी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, ही गोष्ट मात्र मी नाकारणार नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. कागदाची भीती आपल्या लोकांच्या मनात उगीच बसलेली नाही. पण ती चुकीच्या कागदावर जाऊन बसते, ही माझी खरी तक्रार आहे. आपल्या गावांमध्ये आजही जमीन जाते ती बहुधा ‘गहाण’ लिहिलेल्या कागदाने जात नाही, ‘खरेदीखत’ लिहिलेल्या कागदाने जाते. सावकार म्हणतो, “नावाला खरेदी करून दे, पैसे आणलेस की परत फिरवून देतो,” आणि परत देण्याची अट तोंडी राहते किंवा वेगळ्या साध्या कागदावर लिहिली जाते. १९२९ पासून कायदा असा आहे की ती अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण मानला जात नाही. गहाणखत केले असेल तर सोडवण्याचा हक्क राहतो, कारण एकदा गहाण ते कायम गहाण, असे न्यायालये मानत आली आहेत. ‘मॉर्गेज म्हणजे मरण’ असे ऐकून जो माणूस गहाणखत टाळतो आणि खरेदीखतावर अंगठा करतो, तो आपला तेवढा एक आधारही घालवून बसतो.

अक्काने परवा दोन्ही हप्ते भरले. दाजींच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे तिने अर्जासोबत बँकेत दिली आहेत आणि पोच घेतली आहे. तेरा हप्ते उरले आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करावीत, उशीर बँकेमुळे झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई द्यावी आणि कर्जदार हयात नसल्यास कागद वारसांना देण्याची पद्धत ठरवून ठेवावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. त्याची मराठीत लिहिलेली प्रत मी तिच्या फाइलमध्ये लावून दिली, आणि तिने त्या प्रतीचा फोटो काढून त्याच भिशीच्या गटावर टाकला.