मशीन कॉलेजात नसली तरी प्रोटीनचं काम होते

आपल्या इकडच्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरून रायला: प्रोटीनचं स्ट्रक्चर (रेणूतला कोणता अणू कुठं बसलाय त्याचा नकाशा) काढणं म्हणजे कोट्यवधीच्या मशीनचं काम, स्वतःची मशीन नसंल तर खेड्यातल्या कॉलेजनं त्या नादी लागू नये, अन् आता तर एआय सगळं घरबसल्या काढून देते. बीएस्सीचे पोट्टे हे वाचून विषय सोडून रायले म्हणून लिहितो.

स्वतःच्या मशीनचं पहिले घ्या. इंदूरच्या इंडस-२ चा, म्हणजे लय तेज क्ष-किरण देणाऱ्या गोल मशीनचा (सिंक्रोट्रॉनचा), घेरच १७२ मीटर आहे, अशी मशीन मुंबई-पुण्याचंही कॉलेज विकत घेत नाही. तिथं प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची, म्हणजे प्रोटीनच्या खड्यावर (क्रिस्टलवर) क्ष-किरण टाकून स्ट्रक्चर काढाची, बीमलाइन (किरण बाहेर घेऊन प्रयोग कराची जागा) आहे, प्रपोजल टाकायचं, वेळ मिळाला की क्रिस्टल घेऊन जायचं, अन् अकोल्याहून तर मुंबईपेक्षा इंदूरच जवळ पडते. स्ट्रक्चर काढाच्या दुसऱ्या मशीनी, बंगळुरूचं क्रायो-ईएम (गोठवलेला नमुना पाहाचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) अन् टीआयएफआर या संशोधन संस्थेचं एनएमआर (चुंबकावर चालणारी मशीन), तेही असंच वाटून वापरतात. रायबोसोमच्या (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेच्या) स्ट्रक्चरसाठी २००९ चं नोबेल मिळालं त्या व्यंकी रामकृष्णन यांचा डेटासुद्धा सिंक्रोट्रॉनवर जाऊनच घेतलेला.

आता खेड्यात काय होऊ शकते ते. क्रिस्टल उगवणं हे अर्धं काम, अन् त्याले मोठी मशीन लागतच नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम नावाचं प्रोटीन घ्या, कव्हरस्लिपवर (मायक्रोस्कोपच्या पातळ काचेवर) त्याचा एक थेंब, त्यात तेवढंच मिठाचं बफर, स्लिप उलटी करून ग्रीस लावून प्लेटच्या त्याच बफरनं भरलेल्या खळग्यावर बसवा, बहुतेक वेळा एक-दोन दिवसात साध्या मायक्रोस्कोपखाली चकचकीत खडे दिसतात. लाइट गेली अन् खोली तापली की खडे विरघळू शकतात, हे आपल्याकडं खरंच आडवं येते, म्हणून प्लेट थंड कोपऱ्यात ठेवा. क्रिस्टल गोठवून न्याले लिक्विड नायट्रोजन पाहिजे तर जनावराच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी त्याच्या टाक्या असतातच, डॉक्टरसाहेबांले विचारून पहा.

एआयचं म्हणाल तर अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा अंदाज सांगणारं एआय, मोठी गोष्ट आहे, २०२४ चं नोबेल उगाच नाही मिळालं. पण ते शिकलं कशावर? १९७१ मध्ये ७ स्ट्रक्चरवर सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर (स्ट्रक्चरच्या जाहीर साठ्यावर), अन् ते स्ट्रक्चर प्रत्यक्ष प्रयोगातूनच निघालेले. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडचं सिकलसेलच घ्या. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रोटीनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येते, ऑक्सिजन सुटला की ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते अन् दोऱ्या तयार होतात. ती खाच क्रिस्टलमधूनच दिसली, अन् तिथं औषध खरंच बसते का हे पाहाले आजही प्रयोगच करावा लागते.

बीमटाइमसाठी (बीमलाइनवरच्या वेळेसाठी) वाट पाहावी लागते, हे मी नाकारत नाही. पण मशीन मागण्यापेक्षा कॉलेजनं पोट्ट्यांले इंदूरचं भाडं अन् प्रपोजलवर सही द्यावी, आय-स्टेम या देशातल्या उपकरणांच्या सरकारी पोर्टलवर कोणतं उपकरण कुठं आहे ते शोधाले शिकवावं. एवढं यंदाच होऊ शकते.