ब्यावोव्येझात माणूस पोहोचलाच नव्हता?

पोलंडच्या पूर्वेला, बेलारूसच्या सीमेवर पसरलेले ब्यावोव्येझा हे युरोपातले शेवटचे अस्पर्श अरण्य असून तिथे कधी कुऱ्हाड चालली नाही, तिथले बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी) हजारो वर्षे अखंड मोकळे हिंडत आहेत आणि सगळे जंगल आज सुरक्षित आहे, असा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्यात एक गोष्ट गाळलेली असते, ती म्हणजे ब्यावोव्येझा ही नांदती ग्रामीण ‘ग्मिना’, म्हणजे आपल्या गट ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था आहे. तेरेमिस्की, बूदी अशी गावे तिच्यात मोडतात.

माणसाच्या अनुपस्थितीचा दावा तर ब्यावोव्येझा गावातल्या राजवाड्याच्या बागेतला वालुकाश्माचा स्तंभच खोडून काढतो. पोलंडचा राजा तिसरा ऑगस्ट याने १७५२ साली एका दिवसात केलेल्या शिकारीचा हिशेब त्यावर पोलिश आणि जर्मन भाषांत कोरलेला आहे, आणि त्यात ४२ बायसन आहेत. जंगल टिकले ते राजांनी ते शिकारीसाठी राखले म्हणून, आणि राखण करणारे ‘ओसोच्निक’ होते आसपासच्या गावांतलेच शेतकरी. पुढे रशियाच्या झारने इथे राजवाडा बांधला, जो १९४४ मध्ये जळाला; त्याच काळातले, १८९५ चे ऑर्थोडॉक्स चर्च मात्र चिनी मातीच्या वेदीपटासह, म्हणजे वेदीपुढच्या संतचित्रांच्या भिंतीसह, उभे आहे आणि गावाच्या बेलारूसी-ऑर्थोडॉक्स वळणाची साक्ष देते.

कुऱ्हाडीचे म्हणाल, तर पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने अरुंद रुळांची रेल्वे आणि लाकूड गिरण्या उभारून प्रचंड तोड केली आणि १९२४ नंतर एका ब्रिटिश कंपनीने तीच री ओढली. त्याच युद्धाच्या धामधुमीत बायसनांची कत्तल झाली आणि थोड्याच काळात इथे मुक्त बायसन एकही उरला नाही. १९२९ मध्ये बाहेरून प्राणी आणून कुंपणात पैदास सुरू झाली, ते पुन्हा मोकळे सुटले १९५२ मध्ये. आजचे कळप ही माणसाच्या चिकाटीची करामत आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्यांनी नेमके तेच श्रेय पुसून टाकावे, हे नवलच.

सुरक्षिततेचा दावा अर्धवट आहे. १९२१ पासून राखलेला गाभा खरोखर अपूर्व आहे, हे मान्यच; पण राष्ट्रीय उद्यान पोलंडच्या बाजूच्या जंगलाचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापते. उरलेल्यापैकी बरेचसे सरकारी वनखात्याकडे असून, साल पोखरणाऱ्या किड्यांचे कारण देऊन तिथे वाढवलेली तोड युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये बेकायदा ठरवली.