येवा, खोकलो आपलोच असा

ताप १०२ आहे, घसा धरलाय, अंग ठणकतंय, स्वाइन फ्लूची शंका येतेय? मग मुंबईत पडून काय करताय, एवढ्या मारामारीनं कन्फर्म तिकीट मिळालंय ना, बसा कोकणकन्येत आणि उतरा कणकवलीला, गणपती काय रोज येतात? मास्क अजिबात नको, गर्मी होते. खोकला आला की समोरच्या बर्थकडे बघून मोकळेपणानं खोका, रुमाल प्रेस केलेला असतो, उगीच खराब होतो.

घरी पोचल्यावर झांजा तुम्हीच घ्या. आमच्याकडे दादानं घेतल्या होत्या, मध्येच झांज काखेत धरून तळहातानं नाक पुसायचा की परत सुरू, आरती संपली की त्याच झांजा पुतण्याकडे आणि पुतण्याची बोटं थेट तोंडात. तिसऱ्या दिवशी पोरगा तापानं फणफणला तर आई म्हणते दृष्ट लागली.

डुकराच्या मटणाला मात्र हात लावू नका बरं का! नीट शिजवलेल्या मटणातून स्वाइन फ्लू होत नाही, माणसाच्या खोकल्या-शिंकेतून नि हातातून पसरतो असं डॉक्टर सांगतात, पण नाव डुकराचं आहे ना, दादा थोडाच डुक्कर आहे (ह्यावर वहिनीचं मत वेगळं आहे).

२००९ मध्ये ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची मुलगी गेली, देशातला पहिला बळी, आणि २३ ऑगस्टला गणपती होते. तेव्हा कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत फिरायचे लोक, ती आणाच, लस कशाला, सुई टोचते.

टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो म्हणून ते ४८ तास काढ्यात घालवायचे, मग कपाटातली मागच्या वर्षीची उरलेली अँटिबायोटिक काढायची. ती व्हायरसवर चालत नाही, पण गोळी ती गोळी.

आणि हो, गरोदर वहिनी, दम्याची काकू, डायबेटिसवाले आबा ह्यांना न्युमोनियाचा धोका जास्त, तेव्हा आधी त्यांनाच भेटा, अगदी जवळ बसून ख्यालीखुशाली विचारा. आबांना धाप लागली तर मोदक जास्त झाले म्हणायचं. ओठ निळसर दिसले तर जांभळं खाल्ली असतील. जांभळांचा सीझन कधीच संपला हे तेव्हा कुणी काढू नये.